विद्येचे ऋण

एका देशातील माल दुसऱ्या देशात जातो आणि त्याच्या मोबदल्यात दुसऱ्या देशातील माल पहिल्या देशात येतो, यालाच आपण व्यापार म्हणतो. कापूस, कोळसा, धान्य, यंत्रे इत्यादी वस्तूंची अशी देवघेव जगात अखंड चालू असते. परंतु देशादेशांमध्ये आणखीही एक देवघेव चालते. तिची नोंद जकातनाक्यावर होत नाही आणि तिच्यासाठी मोठमोठी गोदामेही बांधावी लागत नाहीत. ती देवघेव विद्येची होय. व्यापारात दिलेली वस्तू आपल्यापाशी उरत नाही. विद्या मात्र कितीही दिली तरी देणाऱ्यापाशी ती पूर्ववत राहते, आणि घेणाराही संपन्न होतो.

तथापि विद्या घेण्यासाठी दूरदेशी जावयाचे म्हणजे प्रवासखर्च हवा, राहण्या-जेवण्याची सोय हवी, ग्रंथ घेण्यास पैसा हवा. बुद्धी ही श्रीमंताच्याच घरी जन्म घेते असे नाही. म्हणून बुद्धिमान पण निर्धन विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी शिष्यवृत्तीची प्रथा सुरू झाली. शिष्यवृत्ती घेणे म्हणजे भिक्षा घेणे नव्हे. ते एक ऋण आहे. आपल्याकडे ज्याला ऋषिऋण म्हणतात, ते आपण जसे पुढच्या पिढीला ज्ञान देऊन फेडतो, तसेच हेही ऋण पुढच्या विद्यार्थ्याला हात देऊन फेडावयाचे असते. हे ऋण माणसे कशी फेडतात आणि त्यायोगे दोन राष्ट्रे एकमेकांजवळ कशी येतात, याचे एक सुंदर उदाहरण पोलंड आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्या इतिहासात आढळते.

पोलंड हा देश युरोपच्या मध्यभागी आहे, तर अमेरिका अटलांटिक महासागराच्या पलीकडे. या दोन देशांना जोडणारी ही कथा सुरू होते ती एका तरुण पोलिश विद्यार्थ्यापासून. त्याचे नाव तादेऊश कोश्चुश्को.

कोश्चुश्को यांचा जन्म १७४६ साली झाला. लहानपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. पुढे ते वॉर्सा येथील लष्करी शाळेत दाखल झाले. ही शाळा पोलंडच्या राजाने नुकतीच स्थापन केली होती. या तरुणाची हुशारी पाहून १७६९ साली त्यांना राजाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पॅरिसला गेले. परकीय असल्यामुळे तेथील लष्करी विद्यालयात त्यांना प्रवेश मिळू शकला नाही. म्हणून त्यांनी चित्रकलेच्या विद्यापीठात नाव घातले आणि उरलेल्या वेळात व्याख्याने ऐकून व ग्रंथ वाचून तटबंदी, पूल आणि किल्ले बांधण्याचे शास्त्र आत्मसात केले. दार बंद असेल तर खिडकीतून प्रकाश घ्यावा, तशी ही त्यांची ज्ञानसाधना होती.

परंतु ते मायदेशी परतले तेव्हा पोलंडची स्थिती केविलवाणी झाली होती. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी १७७२ साली पोलंडचा मोठा प्रदेश आपसांत वाटून घेतला होता. उरलेल्या लहानशा सैन्यात या विद्वान तरुणाला योग्य जागा मिळेना. याच सुमारास अमेरिकेतील तेरा वसाहती इंग्लंडच्या सत्तेविरुद्ध लढण्यास उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यापाशी शूर माणसे होती, पण किल्ले आणि तटबंदी यांचे शास्त्र जाणणारे फार थोडे होते. १७७६ साली कोश्चुश्को समुद्र ओलांडून अमेरिकेत पोहोचले आणि तेथील सैन्यात त्यांना अभियंता म्हणून कर्नलचे पद देण्यात आले.

राजाच्या शिष्यवृत्तीवर मिळविलेली विद्या आता एका परक्या राष्ट्राच्या उपयोगी पडली. १७७७ साली सॅराटोगा येथे अमेरिकन सैन्याने ज्या टेकड्यांवर मोर्चे बांधले, त्या तटबंदीची आखणी कोश्चुश्को यांनी केली होती. या लढाईत इंग्रज सेनापतीला शरण यावे लागले आणि युद्धाचे पारडे फिरले. त्यानंतर हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट येथे त्यांनी भक्कम किल्ला उभारला. पुढे १८०२ साली त्याच वेस्ट पॉइंट येथे अमेरिकेचे लष्करी विद्यालय स्थापन झाले. १८२८ साली या विद्यालयातील विद्यार्थ्यांनी कोश्चुश्को यांच्या स्मरणार्थ तेथे एक स्तंभ उभा केला. ज्याला स्वतःला लष्करी विद्यालयाचे दार बंद होते, त्याच्याच किल्ल्यात असे विद्यालय भरू लागले!

युद्ध संपल्यावर कोश्चुश्को मायदेशी परतले. १७९४ साली पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी उठाव केला. हातात परजलेले कोयते घेऊन शेतकरी त्यांच्या सैन्यात सामील झाले. पण शत्रू प्रबळ होते. कोश्चुश्को जखमी होऊन रशियाच्या हाती सापडले आणि १७९५ साली पोलंड हे राष्ट्र नकाशावरून पुसले गेले. ते पुन्हा १२३ वर्षांनी, म्हणजे १९१८ साली स्वतंत्र झाले.

रशियाच्या कैदेतून सुटल्यानंतर कोश्चुश्को पुन्हा एकदा अमेरिकेस गेले. अमेरिकन सरकारकडून त्यांना पूर्वीच्या सेवेबद्दल मोठी रक्कम येणे होती. ती मिळाल्यावर त्यांनी काय करावे? १७९८ साली त्यांनी एक मृत्युपत्र लिहिले आणि ते आपले मित्र टॉमस जेफरसन यांच्या स्वाधीन केले. त्या काळी अमेरिकेत आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना गुलाम म्हणून विकत घेण्याची क्रूर चाल होती. आपल्या पैशातून अशा गुलामांना विकत घेऊन मुक्त करावे, त्यांना शिक्षण द्यावे, धंदा शिकवावा आणि चांगले नागरिक होण्यास समर्थ करावे, अशी इच्छा कोश्चुश्को यांनी त्या पत्रात नमूद केली होती. ज्याला स्वतःला शिष्यवृत्तीने वर काढले, त्याने जगातील अत्यंत पीडित लोकांसाठी ठेवलेली ही जणू शिष्यवृत्तीच होती.

दुर्दैवाने ती कोणाच्याही हाती पडली नाही. १८१७ साली कोश्चुश्को स्वित्झर्लंडमध्ये निधन पावले. जेफरसन तेव्हा वृद्ध झाले होते. त्यांनी हे काम आपल्याकडून होणार नाही असे कळविले. ते स्वतः अनेक गुलामांचे मालक होते, हेही विसरता येत नाही. कोश्चुश्को यांनी युरोपात नंतर आणखी मृत्युपत्रे केली होती. त्यामुळे वारस पुढे आले, तंटे न्यायालयात गेले आणि अखेर १८५२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सर्व रक्कम युरोपातील नातलगांना देवविली. एकही गुलाम त्या पैशाने मुक्त झाला नाही. एकही मूल त्या पैशाने शिकले नाही. उदार हेतू असला तरी तो सिद्धीस नेणारी माणसे आणि त्याची जपणूक करणारी संस्था नसेल, तर हेतू कागदावरच राहतो, हा धडा या घटनेतून मिळतो.

आता आपण शंभर वर्षे पुढे जाऊ. राष्ट्र नष्ट झाले असले तरी पोलंडमधील माणसांची ज्ञानाची ओढ नष्ट झाली नव्हती. वॉर्सा येथील मारिया स्क्वोदोव्हस्का ही तरुणी पॅरिसला शिकण्यास गेली. जग पुढे तिला मादाम क्यूरी या नावाने ओळखू लागले. पॅरिसमध्ये माडीवरच्या थंडगार खोलीत राहून आणि पोटाला चिमटा घेऊन ती अभ्यास करी. १८९३ साली तिला मायदेशातील एक शिष्यवृत्ती मिळाली. तिची रक्कम ६०० रूबल होती. त्या आधारावर तिचा पुढील अभ्यास पार पडला. पुढे तिला संशोधनाच्या कामाबद्दल पहिली कमाई मिळताच तिने ते ६०० रूबल शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळाला परत पाठविले. असे कोणी कधी केले नव्हते. नियमही तसा नव्हता. पण हे पैसे आपल्यापाशी अडकून राहिले तर आपल्यासारख्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीचा मार्ग अडेल, ही जाणीव तिच्या मनात होती.

या थोर शास्त्रज्ञ स्त्रीलाही अमेरिकेने हात दिला. रेडियमचा शोध तिनेच आपल्या पतीसह लावला होता, परंतु संशोधनाला लागणारे पुरेसे रेडियम तिच्याच प्रयोगशाळेत नव्हते. कारण एका ग्रॅमची किंमत सुमारे एक लाख डॉलर होती. एका अमेरिकन स्त्री-संपादकाने ही गोष्ट आपल्या देशातील स्त्रियांना सांगितली. स्त्रियांनी वर्गणी गोळा केली आणि १९२१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते एक ग्रॅम रेडियम मादाम क्यूरी यांना अर्पण करण्यात आले. १९२९ साली त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांना आणखी ५० हजार डॉलरची देणगी मिळाली. ही दुसरी देणगी त्यांनी स्वतःसाठी मागितलीच नव्हती. ती होती वॉर्सा येथील नव्या रेडियम संस्थेसाठी. १९३२ साली त्या संस्थेचे उद्घाटन झाले आणि कर्करोगाने पीडित झालेल्या रुग्णांवर तेथे उपचार होऊ लागले. पॅरिसमध्ये फुललेली विद्या अमेरिकेच्या साहाय्याने अशी मायभूमीला परत आली.

त्याच काळात एक पोलिश शेतकऱ्याचा मुलगा अमेरिकेत आपले नशीब काढीत होता. स्टीफन मिझ्वा हे त्याचे नाव. १८९२ साली राक्षावा या खेड्यात तो जन्मला आणि १९१० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, एकटाच अमेरिकेत आला. त्याला इंग्रजी येत नव्हते. मिळेल ते काम करून तो पोट भरी आणि उरलेल्या वेळात शिके. अशा कष्टाने त्याने प्रथम अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाची आणि नंतर हार्वर्ड विद्यापीठाची पदवी संपादन केली. पुढे आयोवा प्रांतातील ड्रेक विद्यापीठात तो अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला.

त्या वेळी नुकत्याच स्वतंत्र झालेल्या पोलंडमध्ये अन्नाची, वस्त्राची आणि औषधांची टंचाई होती. पहिल्या महायुद्धाने शेते उद्ध्वस्त केली होती. १९१९ पासून अमेरिकेने धान्य आणि दूध धाडले. हर्बर्ट हूव्हर यांच्या देखरेखीखाली एके काळी दररोज दहा लाखांहून अधिक पोलिश मुलांना जेवण दिले जात असे. पण मिझ्वा यांच्या मनात आले की, अन्नाने आजची भूक भागते. उद्याचे राष्ट्र उभारावयाचे तर अभियंते, वैद्य, शेतीतज्ज्ञ आणि शिक्षक हवेत. तेव्हा पोलंडमधील होतकरू विद्यार्थ्यांना अमेरिकन विद्यापीठांत शिकण्याची संधी मिळाली पाहिजे. त्यांनी विद्यापीठांना पत्रे लिहिली, भेटी घेतल्या आणि मदतीचे आवाहन केले. व्हासार महाविद्यालयाचे अध्यक्ष हेन्री नोबल मॅक्रॅकन यांना ही कल्पना मनापासून पटली. त्या दोघांनी इतरांच्या साहाय्याने आरंभी एक लहानशी समिती स्थापन केली.

परंतु दरवर्षी झोळी घेऊन फिरावे, तेव्हा कोठे दोनचार विद्यार्थी यावेत, ही स्थिती समाधानकारक नव्हती. म्हणून १९२५ सालच्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी एका कायम संस्थेची स्थापना केली. कोश्चुश्को अमेरिकेच्या मदतीस आले त्या घटनेला पुढल्याच वर्षी दीडशे वर्षे पूर्ण होणार होती. म्हणून संस्थेला नाव दिले कोश्चुश्को प्रतिष्ठान. ज्या माणसाची शिक्षणासाठी ठेवलेली ठेव वाया गेली, त्याच्याच नावाने आता विद्यार्थ्यांसाठी एक टिकाऊ ठेव उभी राहिली.

अशी संस्था चालते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. शहाणा शेतकरी घरात कितीही अडचण असली तरी बियाण्याच्या कणगीला हात लावीत नाही. कारण ती संपली तर पुढच्या वर्षीचे शेत ओसाड पडेल. त्याचप्रमाणे अशा प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्यांची एक गंगाजळी करतात. ती रक्कम सुरक्षित ठिकाणी गुंतवितात आणि तिच्यापासून जे उत्पन्न येते, त्यातून शिष्यवृत्त्या देतात. मूळ धन शिल्लक राहत असल्यामुळे दाता निवर्तला तरी त्याचे दान चालूच राहते. अर्जदारांमधून निवड करताना विद्यार्थ्याची बुद्धी, त्याने आखलेला अभ्यास आणि त्या अभ्यासाचा पुढे होणारा उपयोग यांचा विचार होतो.

प्रतिष्ठानाच्या कार्याचे आणखी एक वैशिष्ट्य होते. ही वाहतूक एकाच दिशेने व्हावी, असे संस्थापकांना वाटत नव्हते. पोलिश विद्यार्थी अमेरिकेत आले तसे अमेरिकन विद्यार्थीही पोलंडमध्ये गेले. क्राकूव येथील यागिएलोनियन विद्यापीठ १३६४ साली स्थापन झालेले आहे. तेव्हा कोलंबसाचा जन्मही व्हावयाचा होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सप्रमाण मांडणारा कोपर्निकस याच विद्यापीठाचा विद्यार्थी. पोलंड हा केवळ मदत घेणारा दरिद्री देश नसून त्याच्यापाशीही जगाला देण्यासारखे पुष्कळ आहे, हे अमेरिकन तरुणांना तेथे गेल्यावर प्रत्यक्ष दिसले. ज्याला आपण सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतो, तिचे मर्म हेच आहे. देणारा सदैव उच्च आणि घेणारा सदैव खालचा, अशी भावना असेल तेथे मैत्री जुळत नाही.

पोलंडच्या मुलांनाही ही गोष्ट ठाऊक होती. १९२६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दीडशे वर्षे झाली. त्या प्रसंगी पोलंडच्या लोकांनी अमेरिकेला एक अपूर्व भेट पाठविली. ती भेट म्हणजे १११ मोठे ग्रंथ. त्यांत होत्या सुमारे ५५ लाख पोलिश नागरिकांच्या सह्या. आणि त्यांतील बहुसंख्य सह्या शाळांतील मुलामुलींच्या होत्या! काही पाने चित्रांनी आणि नक्षीकामाने सजविलेली होती. हे ग्रंथ अध्यक्ष कूलिज यांना अर्पण करण्यात आले आणि आज ते वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयात जतन केलेले आहेत. ज्यांना कधी काळी परदेशातून आलेल्या दुधाचा पेला मिळाला होता, त्या मुलांनी आपल्या हस्ताक्षराने आभार मानले. ऋण फेडण्यास प्रत्येक वेळी पैसाच लागतो असे नाही.

पुढील काळ मात्र कठीण होता. त्या काळाची कल्पना येण्यासाठी ल्वूव या शहराची हकीकत ऐका. हे शहर त्या वेळी पोलंडमध्ये होते; आज ते ल्विव या नावाने युक्रेनमध्ये आहे. तेथे ‘स्कॉटिश कॅफे’ नावाचे एक उपाहारगृह होते. स्तेफान बानाख आणि त्यांचे गणितज्ञ सहकारी तेथे जमत, कॉफी पीत आणि तासन्‌तास गणिताचे प्रश्न सोडवीत बसत. ते टेबलाच्या संगमरवरावर पेन्सिलीने आकडेमोड करीत आणि टेबल पुसले की उत्तम कल्पनाही नाहीशा होत. म्हणून १९३५ साली बानाख यांच्या पत्नीने एक जाड वही विकत आणून दिली. त्या वहीत प्रश्न लिहून ठेवण्यात येऊ लागले. काही प्रश्नांपुढे बक्षिसेही लिहिलेली असत. १९३६ साली माझूर या गणितज्ञांनी एका अवघड प्रश्नासाठी लावलेले बक्षीस होते एक जिवंत हंसक पक्षी!

या मंडळीत स्तानिस्वाव उलाम नावाचा एक तरुण होता. १९३५ साली त्याला अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील संशोधन संस्थेचे निमंत्रण आले आणि पुढील वर्षी हार्वर्ड विद्यापीठाने त्याला अध्ययनवृत्ती दिली. दर उन्हाळ्यात तो ल्वूवला परत येई आणि वहीत नवे प्रश्न लिही. १९३९ सालच्या ऑगस्टमध्ये तो आपल्या धाकट्या भावासह पुन्हा जहाजावर चढला. ते अमेरिकेत पोहोचले आणि थोड्याच दिवसांत, १ सप्टेंबर रोजी, हिटलरच्या सैन्याने पोलंडवर आक्रमण केले. उलाम यांचे मागे राहिलेले बहुतेक नातलग त्या युद्धात मारले गेले. नोव्हेंबरमध्ये क्राकूवच्या दीडशेहून अधिक प्राध्यापकांना पकडून छळछावण्यांत धाडण्यात आले; १९४१ साली ल्वूवमधील अनेक प्राध्यापकांना गोळ्या घालण्यात आल्या. राष्ट्र मारावयाचे असेल तर प्रथम त्याचे शिक्षक मारावेत, हा जुलमी सत्तेचा जुनाच डाव होय.

परंतु ती वही वाचली. युद्धानंतर ह्यूगो श्टाइनहाउस या गणितज्ञांनी तिची नक्कल उलाम यांच्याकडे अमेरिकेत धाडली. उलाम यांनी तिचे इंग्रजीत भाषांतर केले आणि १९५७ साली ते जगातील गणितज्ञांना वाटले. एका लहानशा उपाहारगृहातील गप्पा अशा रीतीने जगाच्या झाल्या. माझूर यांचा तो प्रश्न १९७२ साली स्वीडनच्या पेर एन्फ्लो यांनी सोडविला आणि त्याच वर्षी वॉर्सा येथे माझूर यांनी आपल्या वचनाप्रमाणे त्यांना जिवंत पक्षी बक्षीस दिला!

पोलंड परचक्राखाली असताना कोश्चुश्को प्रतिष्ठानही स्वस्थ बसले नव्हते. १९४३ साली कोपर्निकसच्या मृत्यूला आणि त्याच्या महान ग्रंथाच्या प्रकाशनाला चारशे वर्षे झाली. त्याच्या मायभूमीत तेव्हा हा उत्सव मोकळेपणाने साजरा करणे शक्य नव्हते. म्हणून प्रतिष्ठानाने न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात मोठा समारंभ केला. अल्बर्ट आइन्स्टाइन त्या समारंभास उपस्थित होते. ज्या राष्ट्राला शत्रू नष्ट झालेले समजत होता, त्याच्या ज्ञानाचा दिवा परक्या भूमीवर तेवत ठेवण्याचे हे काम होते.

युद्ध संपले तेव्हा आणखी एका माणसाने शिष्यवृत्तीचे ऋण फेडले. अमेरिकन विधिमंडळाचे सभासद विल्यम फुलब्राइट यांनी तरुणपणी ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतले होते. परदेशात राहून शिकल्यावर परक्या लोकांविषयीचे गैरसमज कसे गळून पडतात, हे त्यांनी अनुभवले होते. युद्धासाठी अमेरिकेने नेलेले अगणित साहित्य निरनिराळ्या देशांत पडून होते. ते विकून येणाऱ्या पैशातून विद्यार्थी आणि अध्यापक यांची देवाणघेवाण करावी, असा कायदा त्यांनी १९४६ साली मंजूर करून घेतला. लढाईच्या सामानातून विद्येचे भांडवल निर्माण झाले!

पोलंडमध्ये मात्र त्यानंतर साम्यवादी राजवट आली आणि रशिया व अमेरिका यांच्यातील वैमनस्यामुळे काही वर्षे हा मार्ग जवळजवळ बंद पडला. १९५६ नंतर तेथील निर्बंध थोडे सैल झाले, तेव्हा विद्वानांची ये-जा पुन्हा सुरू झाली आणि १९५९ साली फुलब्राइट योजना पोलंडमध्येही चालू झाली. त्याच वर्षी कोश्चुश्को प्रतिष्ठानाच्या मोठ्या शब्दकोशाचा इंग्रजी-पोलिश भाग प्रसिद्ध झाला; पोलिश-इंग्रजी भाग १९६१ साली बाहेर पडला. दोन सरकारांची भाषा जुळत नसली, तरी दोन देशांतील माणसांनी एकमेकांची भाषा समजून घ्यावी, यासाठी विद्वानांनी हे परिश्रम केले. संगीतही यात मागे नव्हते. पोलंडचा थोर संगीतकार शोपँ याच्या नावाने प्रतिष्ठानाने १९४९ साली तरुण पियानोवादकांसाठी स्पर्धा सुरू केली. १९५२ साली ती जिंकणारा अमेरिकन तरुण व्हॅन क्लायबर्न पुढे जगप्रसिद्ध झाला.

१९८९ साली पोलंडमध्ये लोकशाही राज्यव्यवस्था आली आणि हा व्यवहार अधिक मोकळा झाला. दोन्ही देशांनी मिळून १९९० साली फुलब्राइट मंडळ स्थापन केले. १९९१ पासून कोश्चुश्को प्रतिष्ठानाने अमेरिकन शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पोलंडला पाठवून तेथील मुलांना इंग्रजी शिकविण्याचा उपक्रम चालविला. २०१७ साली पोलंडने स्वतःची राष्ट्रीय विद्वद्विनिमय संस्था उभारली. एके काळी जो देश शिष्यवृत्त्या घेत होता, तो आता स्वतः शिष्यवृत्त्या देऊन परदेशी विद्यार्थ्यांना आपल्याकडे बोलावू लागला.

या देवाणघेवाणीविरुद्ध एक आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. परदेशी गेलेला हुशार विद्यार्थी तेथेच राहिला, तर मायदेशाचे नुकसान होत नाही काय? हा आक्षेप निराधार नाही. गरीब देशाने कष्टाने वाढविलेले रोपटे दुसऱ्याच्या बागेत फळू लागले, तर त्या देशाला दुःख होणारच. म्हणून शिष्यवृत्ती देणाऱ्या अनेक संस्था विद्यार्थ्याने ठराविक काळानंतर मायदेशी परतावे अशी अट घालतात. तरीही परतण्याचे मार्ग अनेक असतात. मादाम क्यूरी पॅरिसमध्ये राहिल्या, पण त्यांनी वॉर्सा येथे रेडियम संस्था उभारण्यास हातभार लावला. उलाम अमेरिकेत राहिले, पण ल्वूवची वही त्यांनी जगापुढे ठेवली. मिझ्वा न्यूयॉर्कमध्ये राहिले, पण त्यांनी असंख्य पोलिश विद्यार्थ्यांसाठी वाट मोकळी केली. माणूस कोठे राहतो यापेक्षा तो आपले ऋण स्मरतो की विसरतो, हे अधिक महत्त्वाचे आहे.

कोश्चुश्को यांना राजाने दिलेली शिष्यवृत्ती एका विद्यार्थ्यापुरतीच होती. तिच्यातून मिळालेल्या विद्येने एका राष्ट्राच्या स्वातंत्र्यास हातभार लावला. त्यांनी स्वतः ठेवलेला निधी वाया गेला, परंतु त्यांचे नाव वाया गेले नाही. त्या नावाने आजही दोन देशांचे विद्यार्थी समुद्र ओलांडून एकमेकांकडे जातात. दिव्याने दिवा लागत जावा, तशी ही परंपरा आहे. पहिला दिवा कोणी लावला हे पुढच्या दिव्यांना कदाचित आठवत नसेल. पण प्रत्येक दिव्याने आपली ज्योत पुढच्याला दिली, तरच उजेड टिकतो. तुमच्यापैकी कोणाला उद्या एखादी शिष्यवृत्ती मिळाली, एखाद्या ग्रंथालयातून पुस्तक मिळाले किंवा एखाद्या गुरुजींनी शाळा सुटल्यावर बसून एक गणित समजावून दिले, तर ते केवळ आपले भाग्य समजू नका. ते तुमच्याकडे आलेले ऋण आहे. आणि ते फेडण्यासाठी तुमच्यामागून येणारा कोणीतरी वाट पाहत उभा आहे.